शेडमधली झेन आणि कुर्ल्याची उनो

1. भंगाराचा भाव, हौसेचा भाव

"वडिलांनी 1997 साली घेतलेली झेन शेडमध्ये उभी आहे. भंगारवाला एक आकडा सांगतो, पुण्याहून आलेला एक पोरगा त्याच्या तिप्पट द्यायला निघालाय. ह्यातलं खरं कोण बोलतंय?"

सोलापूर-धुळे हमरस्त्यावरच्या तेरखेड्यात असा प्रश्न निघणं साहजिक आहे. दिवाळीच्या आधी फटाक्यांच्या खरेदीसाठी परजिल्ह्यांतली माणसं इथे येतात. एखाद्याची नजर पत्र्याच्या शेडकडे जाते, कडब्याच्या आडून डोकावणारं गोल बोनेट त्याला दिसतं आणि तो गाडी थांबवतो.

उत्तर असं की दोघंही खरंच बोलतायत, फक्त दोघांचा तराजू वेगळा आहे. भंगारवाला वजन बघतो. झेनचं वजन साडेसातशे किलोच्या आसपास. समजा मोडीचा भाव किलोला 25 रुपये आहे, तर हिशोब होतो 18,750 रुपये. गाडी कशीही असो, त्याच्या खाली फारसं कुणी जाणार नाही. हा झाला तिचा तळाचा भाव. पोरगा वजन बघतच नाही. त्याला ती चालवायची आहे, किंवा त्याच्या वडिलांकडे तशी होती. हा हौसेचा भाव, आणि त्याला तळ नसतो तसं छतही नसतं.

ह्या प्रकरणात नव्वदच्या दशकातल्या दोन छोट्या, चपळ गाड्या समोरासमोर ठेवू: मारुती झेन आणि फियाट उनो. एक गुरगावात बनली, दुसरी आपल्या मुंबईत, कुर्ल्यात. जपून ठेवण्यासारखी ह्यातली कोणती, आणि का?

2. कायदा काय म्हणतो

आधी एक गैरसमज काढून टाकू. "गाडी पंचवीस वर्षांची झाली, आता ती व्हिंटेज" असं सर्रास म्हटलं जातं. भारतात 2021 साली केंद्र सरकारनं व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. त्यांनुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं उलटलेलं आणि मूळ स्वरूपातलं खाजगी वाहनच व्हिंटेज ठरतं. त्याला नंबरात 'व्हीए' ही अक्षरं मिळतात, नव्या नोंदणीचं शुल्क 20 हजार रुपये आहे, आणि अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोज तिनं बाजाराला जाता येत नाही.

म्हणजे 1993 ची पहिली झेन ह्या मानाला पात्र होईल 2043 मध्ये, आणि 1996 ची उनो 2046 मध्ये. तोपर्यंत कायद्याच्या लेखी ती फक्त जुनी गाडी आहे. पंधरा वर्षं झाली की फेरनोंदणी, आपल्या भाषेत पासिंग, आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी पुन्हा. त्यासोबत पर्यावरण कर. ऑगस्ट 2025 पासून 20 वर्षांपेक्षा जुन्या मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क 10 हजार रुपये झालं आहे. दिल्लीत पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर जी बंधनं आली तशी आपल्याकडे नाहीत. एमएच-25 ची झेन तपासणीत पास झाली की रस्त्यावर चालते.

3. नव्वदच का?

एखादी वस्तू जुनी झाली म्हणून लोक तिच्यामागे धावत नाहीत. तिच्याकडे शाळकरी वयात आ वासून पाहणारी पिढी कमावती झाली की धावतात. तेरखेड्यात हे पटवायला मोटारीपर्यंत जायची गरज नाही. यामाहा आरएक्स 100 बघा. 1985 साली आली, 1996 च्या सुमारास बंद झाली. आज चांगल्या अवस्थेतली आरएक्स कुणी नुसती विकायला काढली तर तालुक्यात बातमी होते. मायलेज कमी, धूर जास्त, नवे पार्ट मिळवताना घाम फुटतो, तरी किंमत उतरत नाही.

मोटारींत हीच वेळ आता येते आहे. 1991 नंतर बाजार उघडला आणि रस्त्यावर पद्मिनी, अँबेसेडर आणि मारुती 800 ह्यांच्यापलीकडे काहीतरी दिसू लागलं. 1993 ची झेन, 1994 ची एस्टीम आणि पूजो 309, 1996 ची उनो, 1998 ची होंडा सिटी. त्या वेळी दहा-बारा वर्षांचा असलेला मुलगा आज चाळिशीत आहे. युरोपात हे आपल्याआधी घडलं. ऐंशीच्या दशकातल्या पूजो 205 जीटीआयसारख्या छोट्या तडफदार गाड्या एके काळी कवडीमोलानं जात, आता त्यांचे लिलाव होतात. आपल्याकडे लिलावापर्यंत मजल गेलेली नाही. जाईलच अशी खात्रीही कुणी देऊ नये.

4. छोटी गाडी 'पळते' म्हणजे काय

मोठं इंजिन म्हणजे पळणारी गाडी, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण तेरखेड्यातल्या कुठल्याही पोराला खरी गोष्ट ठाऊक असते. एकच सुतळी बॉम्ब रिकाम्या डब्याखाली लावला तर डबा लिंबाच्या शेंड्याला जातो, आणि वाळूनं भरलेल्या डब्याखाली लावला तर डबा नुसता दचकतो. दारू तीच असते, फरक पडतो तो ओझ्याचा.

मोटारीत दारूच्या जागी अश्वशक्ती. गाडीच्या अश्वशक्तीला तिच्या टनातल्या वजनानं भागलं की एक उपयोगी आकडा मिळतो. प्रीमियर पद्मिनी: सुमारे 40 अश्वशक्ती, वजन 900 किलोच्या आसपास. 40 भागिले 0.9, म्हणजे टनामागे साधारण 44. झेन: 50 अश्वशक्ती, वजन सुमारे 0.75 टन. टनामागे 67. उनोची 1 लिटरची पेट्रोल आवृत्ती 45 अश्वशक्तीच्या घरातली, म्हणजे टनामागे 60 च्या आतबाहेर.

आजच्या गाड्यांपुढे हे आकडे किरकोळ आहेत. पण पद्मिनीतून उतरून झेनमध्ये बसलेल्या माणसाला टनामागचा दीडपट जोर अंगावर जाणवायचा, आणि त्या काळच्या आठवणी तिथूनच तयार झाल्या.

नुसता जोर पुरत नाही, हेही इथंच सांगायला हवं. स्टिअरिंग वळवलं की नाक लगेच वळतं का, गिअर नेमका पडतो का, इंजिन वरच्या फेऱ्यांपर्यंत आनंदानं जातं का, ह्या गोष्टी आकड्यांत मावत नाहीत. माझ्या मते ह्या दोन गाड्यांमधला खरा फरक तिथेच आहे.

5. झेन: हलकी आणि हौशी

झेन 1993 मध्ये आली. 993 सीसीचं इंजिन संपूर्ण अॅल्युमिनियमचं होतं. त्या वेळी आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचे ब्लॉक बिडाचे असताना ही मोठी गोष्ट होती, कारण पुढच्या चाकांवरचा भार कमी झाला की नाक चटकन वळतं. मारुती 800 ला तेव्हा चारच गिअर होते, झेनला पाच. अंगानं ठेंगणी, साडेतीन मीटरच्या आत लांबी, चाकं चार कोपऱ्यांत. पॉवर स्टिअरिंग नव्हतं, आणि हौशी लोकांना आज तेच आवडतं, कारण रस्त्याचा प्रत्येक खडा तळहाताला कळतो. जागेच्या बाबतीत मात्र आनंदच होता. मागे तिघं मोठी माणसं बसली की एकाचा खांदा दुसऱ्याच्या कुशीत.

ही गाडी नुसती देशात विकली गेली नाही. 1994 पासून ती 'सुझुकी अल्टो' नावानं युरोपला जात होती. भारतात जोडलेली छोटी मोटार तिथल्या रस्त्यांवर धावते, ह्याचं त्या काळी अप्रूप होतं.

पुढे तिच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. 1998 मध्ये पूजोचं दीड लिटरचं डिझेल इंजिन घातलेली झेन आली. 1999 मध्ये गोल दिव्यांची, जुन्या वळणाचा चेहरा लावलेली 'क्लासिक' आली. त्या वेळी तिला नाकं मुरडली गेली, आणि मला विचाराल तर ती मुरडण्यासारखीच होती. पण न खपलेली वस्तूच पुढे दुर्मिळ होते, त्यामुळे आज तिला विचारणारे आहेत. 2003 साली 'कार्बन' आणि 'स्टील' ह्या दोन दारांच्या मोजक्याच गाड्या निघाल्या. झेनच्या दुनियेत सर्वांत जास्त मागणी त्यांना. 2006 मध्ये झेन थांबली. नंतर आलेल्या 'झेन एस्टिलो'शी तिचं नावापुरतंच नातं.

6. उनो: मोठ्या घरची, हुकलेल्या नशिबाची

उनोची कहाणी मात्र निवांत सांगण्यासारखी आहे.

सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकी डॉज आणि प्लायमाउथ जोडल्या गेल्या, मग इटलीच्या फियाटशी सोयरीक झाली. पुढे पद्मिनी म्हणून मुंबईची टॅक्सी बनली ती ह्याच घरची. पद्मिनी म्हातारी झाली तेव्हा तिची जागा घ्यायला 1996 मध्ये आणली गेली उनो.

आणि उनो साधी गाडी नव्हती. जोर्जेतो जुजारो ह्या जगप्रसिद्ध इटालियन रचनाकारानं तिचा आकार आखला होता. 1983 मध्ये युरोपात ती आली आणि 1984 ची युरोपची सर्वोत्कृष्ट मोटार ठरली. जुजारोची युक्ती सोपी होती: गाडी लांब करण्याऐवजी उंच करायची. माणूस आडवा पसरण्याऐवजी ताठ बसला की तेवढ्याच लांबीत पाय मोकळे होतात. आज आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक छोट्या गाड्या उंच आहेत. उनोनं ते फार आधी करून दाखवलं. समोरच्या काचेला एकच भलामोठा वायपर, सपाट कापल्यासारखी शेपूट. दिसायला चौकोनी, पण तिचं सस्पेन्शन झेनपेक्षा समजूतदार. खड्डा ती गिळते, आणि हमरस्त्यावर वेगात झेन जिथं जराशी उडल्यासारखी होते तिथं उनो जमिनीला धरून राहते. वळणावळणाच्या रस्त्यावर एकट्यानं मजा करायची तर झेन. सोलापूरपर्यंत चौघांना घेऊन जायचं तर उनो.

नोंदणी सुरू झाली आणि लोकांनी रांगा लावल्या. तीन लाखांच्या घरात नोंदण्या, प्रत्येकीमागे भरलेली अनामत. मग कामगारांचा संप झाला, गाड्या बाहेरच पडेनात, आणि पैसे भरून बसलेली माणसं वैतागली. पुढे फियाटनं कारखान्याची सूत्रं स्वतःकडे घेतली, पण गेलेला विश्वास परत आला नाही. त्यातच 1998 मध्ये सँट्रो, मॅटिझ आणि इंडिका एकदम बाजारात उतरल्या. विसाव्या शतकाबरोबर उनोही आपल्याकडून गेली. जगभरात 80 लाखांहून अधिक खपलेली गाडी भारतात मात्र चार-पाच वर्षांत आटोपली. कुर्ल्यात प्रीमियरच्या जागेवर आता कोहिनूर सिटी ही वसाहत उभी आहे.

7. दुर्मिळ आहे, पण हवी आहे का?

झेन लाखोंनी खपली, उनो फार थोडी. मग उनो जास्त मोलाची, असं वाटेल. इथं बहुतेक नवशिके फसतात.

दुर्मिळता मोल वाढवते ती मागणी असेल तरच. कल्याणच्या कारखान्यात बनलेली पूजो 309 उनोपेक्षाही विरळ आहे. 1994 मध्ये आली आणि तीन-चार वर्षांत प्रीमियर आणि पूजोची भागीदारीच मोडली. पण तिला शोधणारेही विरळच, म्हणून भाव बेताचा. शंभर माणसांना हवी आणि दहाच उरल्यात, ह्या अवस्थेतली गाडी महाग होते. दोघांना हवी आणि पाच उरल्यात, ह्या अवस्थेतली गाडी विकायला वर्ष लागतं.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी: ती गाडी चालू ठेवता येते का? संग्रहाची मोटार भिंतीवर टांगता येत नाही. ती महिन्यातून एकदा सुरू व्हावी लागते, त्यासाठी पार्ट लागतात आणि ते बसवणारा हात लागतो. झेनच्या इंजिनाचं खानदान मारुतीच्या इतर गाड्यांत पसरलेलं आहे. बार्शी, धाराशिव, भूम, कुठल्याही गावात झेनचं बोनेट उघडून न गोंधळणारा मिस्त्री सापडतो. उनोचं इंजिन फियाटच्या 'फायर' घराण्यातलं. त्याचे भाऊबंद पुढे पालिओ आणि पुंटोमध्येही आले, म्हणून इंजिनाचं काम कसंबसं जमतं. अडतं ते पत्र्याला, दिव्यांना, काचांना आणि दारांच्या रबरांना. त्यासाठी मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड किंवा पुण्याचा जुना बाजार पालथा घालावा लागतो, तरी हाती लागेलच असं नाही.

म्हणून गाडी बघायच्या आधी मिस्त्री बघावा. तो तासाभराच्या अंतरावर नसेल तर शेडमध्ये संग्रह नव्हे, अडगळ उभी राहते.

8. तेरखेड्याचं ऊन, बोअरचं पाणी, उसाचं पेट्रोल

गाडी कुठे उभी होती, ह्यावर तिचं आयुष्य ठरतं. कुर्ल्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि खारी हवा. धाराशिव जिल्ह्यात सात-आठशे मिलिमीटर, तोही काही वर्षी रुसतो. त्यामुळे मुंबईत वाढलेल्या उनोचा तळ गंजानं चाळणी झालेला असू शकतो, आणि तेरखेड्याच्या शेडमधली झेन खालून ठणठणीत निघू शकते. गाडी घेताना नंबर जरूर बघा. एमएच-25, 24, 23 हे आपले कोरडे मुलूख. एमएच-01 ते 04 दिसलं की पायपुसणी उचलून खालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरनं टोकरून बघा.

कोरडं हवामान फुकट मिळत नाही. ऊन डॅशबोर्ड तडकवतं, रबर कडक करतं. उन्हापासून वाचवायला गाडी शेडमध्ये लावावी तर तिथे कडबा, आणि कडब्यात उंदीर. वायरिंग कुरतडलं गेलं की बिघाड शोधण्यात दिवस जातात.

मग पाणी. आपल्या बोअरचं पाणी जड. किटलीच्या बुडाशी जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरमध्ये बसतो, पाणी फिरायची वाट अरुंद होते आणि इंजिन तापतं. बिडाचं इंजिन थोडं सोसतं. झेनचं अॅल्युमिनियम तापलं की हेड वाकतं. तिच्यात कूलंटच घाला, तो पातळ करायला बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर वापरा. गाडी घेताना रेडिएटरचं बूच उघडा, अर्थात इंजिन थंड असताना. आत तांबूस गढूळ पाणी दिसलं तर भाव पाडायला तेवढं कारण पुरे.

आता पेट्रोल. आपल्याच मुलखातल्या उसापासूनही बनणारं इथेनॉल आज पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत असतं. शेतकऱ्याला ते चांगलं असेल, पण कार्ब्युरेटरच्या गाडीतल्या जुन्या रबरी नळ्या आणि वायसर इथेनॉल गृहीत धरून बनलेले नव्हते. ते फुगतात, चिरतात. शिवाय इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि महिनोन् महिने उभ्या गाडीच्या टाकीत ती ओल गंज धरते. उपाय खर्चिक नाही. इंधनाच्या सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घाला आणि गाडी दर पंधरवड्याला वीसेक किलोमीटर फिरवा. नुसती जागेवर सुरू करून बंद केली तर इंजिन नीट तापत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी साठतं.

टायरवर चार आकडे कोरलेले असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कोरी दिसली तरी दहा वर्षांचा टायर बदलायचाच.

आणि कागद. आरसीवर आजोबांचं नाव आणि आजोबा वारलेले, हे आपल्याकडे फार होतं. वारसानं तीन महिन्यांच्या आत नमुना 31 भरून गाडी नावावर करायची असते. उशीर झाला असेल तर आधी ते निस्तरा, मग डेंटिंग-पेंटिंग. बँकेचा बोजा उतरला आहे का, इंजिन आणि चासी नंबर जुळतात का, गॅसकिट बसवलं असेल तर त्याची नोंद आहे का, हेही बघा.

9. ही गुंतवणूक आहे का?

सरळ हिशोब मांडू. आकडे मानलेले आहेत, आपापले घालून बघावेत.

समजा झेन 60 हजारांना घेतली. पत्रा आणि रंग 70 हजार, इंजिन-क्लच-सस्पेन्शन 50 हजार, टायर आणि बॅटरी 20 हजार, पासिंग-कर-विमा 20 हजार. एकूण 2 लाख 20 हजार. नंतर दर वर्षी देखभाल आणि विमा 15 हजार. दहा वर्षांत खिशातून गेले 3 लाख 70 हजार.

हीच रक्कम ह्याच क्रमानं 7 टक्के व्याजानं ठेवली असती तर दहा वर्षांनी साधारण 6 लाख 40 हजार हातात आले असते. म्हणजे झेनमध्ये तोटा होऊ नये असं वाटत असेल तर दहा वर्षांनी ती तेवढ्याला गेली पाहिजे. साध्या पाच दारांच्या झेनला हा भाव येईल असं मला वाटत नाही. कार्बन किंवा स्टीलबद्दल तेवढं ठामपणे बोलवत नाही. फक्त नफ्यासाठी हे करायचं असेल तर गाडी त्या पोराला देऊन टाका आणि पैसे बँकेत टाका.

10. मग कोणती?

घरचीच झेन शेडमध्ये असेल तर विकत घेण्याचा खर्च वाचला, इतिहास माहीत आहे, आणि आरसीवरचं पहिलंच नाव घरातलं आहे. पहिल्या मालकाची, मूळ रंगातली, कंपनीच्याच सीटकव्हरांची गाडी हौशी गिऱ्हाईक आधी उचलतो. म्हणून रुंद टायर, काळ्या काचा, फटफट करणारा सायलेन्सर हे सगळं टाळावं. जुने काढलेले पार्ट माळ्यावर असतील तर शोधून पुन्हा बसवावेत. झेन विकत घेणाऱ्यानं माझ्या मते कार्ब्युरेटरची, 2000 च्या आधीची, धडधाकट पत्र्याची पेट्रोल गाडी शोधावी, कारण ती कुठलाही जुना मिस्त्री दुरुस्त करतो. डिझेल झेन कौतुकाची खरी, पण जड नाकामुळे मूळची चपळाई तिच्यात उरत नाही.

उनो ही मन लावणाऱ्याची गाडी. तिच्यामागे जुजारो आहे, वालचंदांचा कारखाना आहे, तीन लाख लोकांचा हिरमोड आहे. संग्रहाची वस्तू म्हणून तिचं पारडं झेनपेक्षा जड आहे, असं मी म्हणेन. पण ती तेरखेड्यात पहिली आणि एकुलती एक जुनी गाडी म्हणून घेऊ नये. घ्यायचीच तर पेट्रोलची घ्या, 1.7 लिटरच्या डिझेलच्या मागे लागू नका. अपुरी गाडी स्वस्त मिळते म्हणूनही घेऊ नका. मागचे दिवे, दारांची रबरं, काचा आणि आतली प्लास्टिकं शाबूत आहेत का ते एकेक हात लावून बघा. ह्यांतलं काही गेलेलं असेल तर दुसऱ्या उनोसाठी पार्ट काढायची गाडी म्हणूनच ती मागा, आणि बोलणी भंगाराच्या भावापासून सुरू करा.